मीटरवर १,३८,६०० : किलोमीटर की मैल?

जाहिरातीत होतं : टोयोटा अल्फार्ड, तीन लिटर व्ही-सिक्स, २००५ चं मॉडेल, आठ सीट, ८६,००० मैल. गाडीच्या मीटरवर मात्र १,३८,६०० दिसत होते. विकणाऱ्याचं स्पष्टीकरण सरळ होतं. गाडी जपानची, जपानी मीटर किलोमीटर मोजतो, १.६१ ने भागा, ८६,००० मैल येतात. भागाकार बरोबर होता. रनिंग चुकीचं होतं, आणि चूक थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ १९,००० मैलांची होती.

प्रकरण इंग्लंडमधलं, २०२४ च्या उन्हाळ्यातलं. घेणारं कुटुंब मराठी, मिल्टन कीन्सचं : नवरा-बायको, दोन मुलं आणि दर उन्हाळ्यात नाशिकहून येणारे आई-बाबा. आईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे सरकत्या दाराची, चढायला सोपी आणि सामानासकट सगळे मावतील अशी गाडी हवी होती. इंग्लंडातल्या आपल्या लोकांत अल्फार्ड एवढी दिसते ती याच कारणासाठी. माझं काम वाहनांच्या सेन्सर आणि मीटरच्या बाजूचं, म्हणून कागदांची फाईल माझ्याकडे आली. गाडी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तारखा आणि आकडे थोडे हलवले आहेत. त्यांचं आपसातलं गणित तेच ठेवलं आहे.

भारतातल्या वाचकाला हा प्रश्न सहसा भेटत नाही. जुनी गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच उतरवायची, अशा अटी आपल्याकडच्या आयात नियमांत आहेत. शिवाय सीमाशुल्क इतकं की त्या वाटेला फारसं कोणी जातच नाही. ब्रिटनचं तसं नाही. जपानमध्येही गाड्या डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडेच असतं. त्यातून जपानमधली शाकेन ही सक्तीची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी येते. तपासणी, कर आणि विमा मिळून तिचा खर्च असा असतो की मुदत संपायच्या आधी गाडी विकून टाकण्याकडे पुष्कळांचा कल असतो. त्या गाड्या लिलावात जातात आणि तिथून जहाजात चढतात. आपली अल्फार्डही अशीच आलेली.

सांधा कुठे आहे

ब्रिटनमध्ये वेगमर्यादा ताशी मैलांत, म्हणून आयात गाडीचा स्पीडोमीटर मैलांत वाचता यायला हवा. ते दोन प्रकारे करतात, आणि या प्रकरणाची सगळी भानगड त्या दोन प्रकारांतल्या फरकात आहे.

पहिला प्रकार स्वस्त आणि निरुपद्रवी. काट्यामागची तबकडी बदलायची. काटा जिथे १८० किमीला पोचायचा तिथे आता ११२ मैल छापलेले असतात. आतल्या यंत्रणेला हात लागत नाही, त्यामुळे खालचा आकडा पूर्वीसारखाच किलोमीटर मोजत राहतो.

दुसरा प्रकार चिपचा. त्या काळातल्या गाड्यांत चाकांच्या फिरण्याबरोबर मीटरकडे विजेचे ठोके येतात. हे ठोके किती वेगाने येतात त्यावर काटा हलतो, आणि त्याच ठोक्यांची बेरीज होऊन खालचा आकडा वाढतो. चिप ही या वायरमध्ये मधोमध बसते आणि आलेल्या दर १,६०९ ठोक्यांमागे १,००० च पुढे सोडते. मीटरला वाटतं गाडी हळू चालली आहे. ताशी ९६ किमीला काटा ६० वर थांबतो, म्हणजे तबकडी तीच ठेवूनही वेग मैलांत वाचता येतो. पण ठोके एकच असल्यामुळे खालचा आकडाही आता दर मैलाला एकाने वाढतो. आधीचे किलोमीटर पुसले जात नाहीत. त्यांच्याच डोक्यावर मैल चढत जातात.

म्हणजे चिप लावलेल्या गाडीचा आकडा किलोमीटरचाही नसतो आणि मैलांचाही नसतो. अर्ध्या खर्चाची नोंद रुपयांत, अर्ध्याची पौंडांत आणि शेवटी दोन्हींची एकच बेरीज मारावी, तसा तो असतो. तो वाचता येतो, पण एका अटीवर : चिप कोणत्या आकड्याला बसली हे कळायला हवं. त्या आकड्याला मी सांधा म्हणतो. सांध्याच्या आधीचं १.६०९ ने भागायचं, नंतरचं जसंच्या तसं घ्यायचं आणि मग बेरीज करायची.

याचा अर्थ १,३८,६०० या एकाच आकड्याचे तीन अर्थ होतात. नुसती तबकडी बदलली असेल तर गाडी ८६,१०० मैल चालली आहे. सुरुवातीपासून मैलच मोजले गेले असं धरलं तर १,३८,६०० मैल. आणि ८८,४५० किलोमीटरला चिप बसली असेल तर आधीचे ५४,९६० मैल, नंतरचे ५०,१५० मैल, मिळून १,०५,११० मैल. विकणारा पहिला अर्थ सांगत होता. खरा तिसरा निघाला.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण खरेदीदार ती बहुधा उलटी समजतात. पूर्ण आकड्याला भागून केलेली चूक गाडी जपानमध्ये किती फिरली यावर अवलंबून नसते. ती सांध्यानंतर ब्रिटनमध्ये किती फिरली यावर असते : त्या मैलांपैकी ३८ टक्के गायब होतात. नुकत्याच आलेल्या गाडीत ही चूक शे-दोनशेची. आठ वर्षं इथे फिरलेल्या गाडीत ती १९,००० होते. म्हणून 'आता ही गाडी इथलीच झाली, जपानचं काय घेऊन बसलात' हा युक्तिवाद ज्या गाडीसाठी केला जातो, तिच्याच बाबतीत सांधा शोधणं सर्वांत गरजेचं असतं.

आयर्लंडमध्ये हाच प्रकार उलट्या दिशेने झाला. २० जानेवारी २००५ ला तिथल्या वेगमर्यादा मैलांवरून किलोमीटरवर गेल्या, आणि ब्रिटनमधून येणाऱ्या जुन्या गाड्यांचे मीटर मात्र मैलांचेच. तिथे ६०,००० मैलांची गाडी ६०,००० किलोमीटरची म्हणून खपवायला कुठलंही हत्यार लागत नाही. एकक न लिहिणं पुरतं.

तबकडी, रस्ता आणि तपासणीच्या नोंदी

पहिला पुरावा गाडीत बसल्या बसल्या मिळाला. तबकडी मूळ जपानी होती, ० ते १८०, आणि 'किमी' छापलेल्या जागी मैलांचं छोटं स्टिकर डकवलेलं. जवळजवळ दोन टनांची व्हॅन ताशी १८० मैल जाईल असं टोयोटानेही कधी म्हटलेलं नाही. तबकडी तशीच आणि एकक बदललेलं, याचा अर्थ चिप. तबकडी बदलली असती तर आकडे ११० च्या आसपास संपले असते. हे बघायला पाच सेकंद लागतात, आणि विकणाऱ्याचं 'मीटर किलोमीटर मोजतो' हे वाक्य इथेच डळमळीत होतं.

तरी स्टिकर कोणीही लावू शकतं, म्हणून रस्त्यावर बघितलं. ब्रिटनच्या मोटरवेवर अंतराच्या पाट्या मैलांत असतात, पण कडेला दर ५०० मीटरवर निळ्या चौकोनी पाट्या असतात आणि त्यांच्यावरचा आकडा किलोमीटरचा असतो. गाडी बंद पडली तर कुठे आहोत हे फोनवर सांगता यावं म्हणून त्या लावलेल्या आहेत. एम-वनवर अशा एका पाटीला ट्रिप मीटर शून्य केला आणि सोळा किलोमीटर पुढच्या पाटीला वाचला. ९.९ दिसले. मीटर आज मैल मोजतो आहे, प्रश्न मिटला.

इथे काट्याच्या अचूकतेत अडकू नये. जवळजवळ प्रत्येक गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवतो. कमी दाखवायला नियमांत परवानगी नाही, जास्त दाखवायला थोडी मुभा आहे. अंतराचा मीटर त्या मानाने बराच प्रामाणिक असतो. टायर वेगळ्या मापाचे असतील तर दोन-तीन टक्के इकडेतिकडे होईल. मैल आणि किलोमीटरमधला फरक ६१ टक्क्यांचा आहे, तो टायरच्या मापात लपत नाही.

पण रस्त्यावरची परीक्षा आजचं सांगते. चिप कधी बसली ते सांगत नाही. मागच्या महिन्यात बसली असती तर विकणाऱ्याचा हिशेब जवळपास बरोबरच ठरला असता, आणि त्याने तेच म्हटलं असतं.

म्हणून एमओटीच्या नोंदी. इंग्लंडमध्ये तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी एमओटी ही सक्तीची चाचणी होते, तपासणारा मीटरचा आकडा आणि त्याचं एकक टाकतो, आणि हा सगळा इतिहास नंबर प्लेट टाकली की सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. आपल्या गाडीचा असा होता : एप्रिल २०१६ ला ८८,४६२ किलोमीटर. एप्रिल २०१७ ला ९४,९०० मैल. एप्रिल २०१८ ला १,०१,७०० मैल. एप्रिल २०१९ ला १,०८,६०० किलोमीटर. मग एकदम ऑक्टोबर २०२० ला १,१५,१०० मैल, आणि पुढे ऑक्टोबर २०२३ च्या १,३४,२०० पर्यंत सगळे मैल.

मधला मोठा खंड पाहून खरेदीदाराला शंका आली. तिचं उत्तर कोविडमध्ये आहे. ३० मार्च २०२० पासून काही महिने ज्यांची मुदत संपत होती त्या गाड्यांना सहा महिने वाढवून मिळाले होते. एप्रिलची गाडी ऑक्टोबरची झाली ती तेव्हा.

खरी गंमत एककांची. पैसे भरून मिळणाऱ्या खासगी अहवालात या गाडीवर लाल खूण होती : रनिंगमध्ये विसंगती. अहवाल बनवणारा संगणक प्रत्येक नोंद मैलांत बदलून घेतो. त्याच्या हिशेबाने गाडी २०१६ ला ५५,००० मैलांवर होती, वर्षभरात ९४,९०० वर गेली, २०१९ ला ६७,५०० वर उतरली आणि पुन्हा १,१५,१०० वर चढली. असला आलेख बघून कोणीही म्हणेल की मीटर मागे फिरवला आहे. विकणारा म्हणाला की आयात गाड्यांना हे नेहमीचंच, संगणकाला कळत नाही. अर्धं खरं होतं. मीटर मागे फिरवलेला नव्हताच. पण ज्या गोष्टीमुळे संगणक गोंधळला, तीच गोष्ट १९,००० मैलांचं उत्तर होती, आणि 'नेहमीचंच' म्हणून ती बाजूला सारली जात होती. २०१९ ची किलोमीटरची नोंद तर त्याने स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे केली : बघा, तपासणाऱ्यानेसुद्धा किलोमीटरच लिहिलेत.

तपासणाऱ्याच्या हाताखाली दिवसभर गाड्या येत असतात. मीटरवर एकक छापलेलं नसेल तर समोरची जपानी गाडी पाहून त्याने किलोमीटर निवडले असणार. अशा नोंदीतून आकडा घ्यावा, एककावर मात्र विसंबू नये. आकडे मात्र सरळ चढत गेलेले आहेत, वर्षाला सहा-सात हजार, कुठे मागे नाहीत. सहा-सात हजार मैल की किलोमीटर, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही; दोन्ही शक्य आहेत.

हे सगळं फोनवर चाललेलं असताना खरेदीदाराची बायको पलीकडून म्हणाली, "अरे, पण मैल मोजायला लागल्यानंतरचे आकडे परत कशाला भागायचे? ते मैलच आहेत ना आधीच?" मी तबकडी, चिप, ठोके असं सांगत बसलो होतो, तिने एका वाक्यात संपवलं.

मग तिनेच फाईल चाळून कागद काढला. आयात करणाऱ्या गॅरेजचं एप्रिल २०१६ चं बिल. त्यात तीन कामं : मागचा फॉग लॅम्प बसवणे, रेडिओला बँड एक्सपांडर लावणे, आणि वेग मैलांत रूपांतरित करणे. पहिली दोन कामं तिसऱ्याची साक्ष देतात. मागचा फॉग लॅम्प जपानमध्ये सक्तीचा नाही, ब्रिटनमध्ये तो नसेल तर गाडी एमओटीला नापास होते. त्या काळातला जपानी रेडिओ ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९० ला संपतो, त्यामुळे इथली बरीच स्टेशनं लागतच नाहीत. बंदरातून आलेल्या गाडीवर पहिल्याच आठवड्यात होणारी ही कामं आहेत. बिलावर मीटरचा आकडा होता ८८,४५०. चार दिवसांनी झालेल्या पहिल्या एमओटीत ८८,४६२. सांधा सापडला.

जपानमधली अकरा वर्षं

सांध्याच्या आधीचे ८८,४५० किलोमीटर तरी खरे कशावरून? हा वेगळा प्रश्न आहे आणि ब्रिटनमधला कुठलाही अहवाल त्याचं उत्तर देत नाही. इथल्या कंपन्यांकडे गाडीचा जन्म इथल्या नोंदणीपासून सुरू होतो. शिवाय जपानच्या देशांतर्गत बाजारातल्या गाडीला सतरा अक्षरांचा क्रमांक नसतो. या गाडीचा चासिस क्रमांक एमएनएच१० ने सुरू होतो आणि पुढे सात आकडे. कित्येक संकेतस्थळं तो घेतच नाहीत.

उत्तर जपानी कागदांत असतं. सर्वांत महत्त्वाचा म्हणजे निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचा दाखला. मूळ प्रत इथे नोंदणी करताना सरकारजमा होते, म्हणून फाईलमध्ये फोटोकॉपी असते. तीही नसेल तर मी एक पायरी मागे सरकतो. जपानमध्ये २००४ पासून शाकेनच्या वेळचा मीटरचा आकडा गाडीच्या कागदांवर चढतो, आणि निर्यातीच्या दाखल्यावर शेवटच्या तपासण्यांचे आकडे येतात. आपल्या दाखल्यावर दोन होते : हेइसेइ २४ च्या मार्चमध्ये ६७,९००, हेइसेइ २६ च्या मार्चमध्ये ८१,३००. जपानी वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीने मोजतात. हेइसेइच्या आकड्यात १९८८ मिळवले की आपलं साल येतं, म्हणजे २०१२ आणि २०१४. २०१९ च्या मेपासून रेइवा सुरू झालं, त्यात २०१८ मिळवायचे. शेवटची दोन शून्यं पाहून कोणी बिचकू नये. तिथे शंभराच्या खालचे आकडे सोडून देत.

दुसरा कागद लिलावाचा. जानेवारी २०१६, आकडा ८८,४३१, दर्जा ४, आतली अवस्था बी. हा एक पानी तक्ता हाताने लिहिलेला असतो, गाडीच्या आराखड्यावर ओरखडे आणि पोचे खुणांनी दाखवलेले. रनिंगच्या रकान्यात आकड्याशेजारी एखादं चिन्ह आहे का हे आधी बघायचं. मीटर बदललेला, संशयास्पद किंवा रनिंग अज्ञात असेल तर लिलावघर तिथे खूण करतं. कोणतं चिन्ह कशासाठी ते घरागणिक थोडं बदलतं. आपल्या तक्त्यावर आकडा साधा होता. जपानी लिलावघरं एकमेकांच्या जुन्या नोंदींशी आकडे ताडून पाहतात, म्हणून साध्या आकड्यालाही वजन असतं. मात्र गाडी आयुष्यात पहिल्यांदाच लिलावाला आली असेल तर ताडून पाहायला त्यांच्याकडे काही नसतं.

आणि इथे मला थांबावंसं वाटलं. मार्च २०१२ ते मार्च २०१४ या दोन वर्षांत गाडी १३,४०० किलोमीटर चालली. पुढच्या बावीस महिन्यांत फक्त ७,१००. म्हणजे दर महिन्याचं अंतर चाळीस टक्क्यांहून जास्त घटलं. गाडी म्हातारी होते, दुसरी गाडी घरात येते, मुलं मोठी होऊन घर सोडतात, असली शंभर कारणं असू शकतात. पण मीटर मागे फिरवायचा असेल तर तो नेमका याच काळात फिरवतात, शेवटच्या सरकारी नोंदीनंतर आणि लिलावाच्या आधी, आणि आकडा शेवटच्या नोंदीच्या वर राहील एवढी काळजी घेतली जाते. दोन टोकांचे आकडे बरोबर असले की मधलं तपासायचं नाही, ही सवय इथे महागात पडते.

या फटीत एकच पुरावा होता, तोही कागदाचा नव्हता. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याचं जपानी गॅरेजचं स्टिकर शिल्लक होतं : हेइसेइ २७, आठवा महिना, ८६,९००. इंग्लंडमध्ये गाडी धुऊनपुसून चकचकीत करणारे बहुतेकदा ही स्टिकरं आधी खरवडून काढतात, कोणाला वाचता येत नाहीत म्हणून. ज्या गाडीत ती आहेत ती गाडी मला आपोआप बरी वाटते. ८६,९०० हा आकडा मार्च २०१४ आणि जानेवारी २०१६ या दोन नोंदींच्या दरम्यान, चालण्याच्या त्याच मंद गतीने बसतो. योकोहामातल्या जेव्हिकसारख्या तपासणी संस्थेकडून पैसे भरून मीटरची पडताळणी करून घेता येते. इतक्या जुन्या आणि स्वस्त गाडीसाठी तो खर्च करावा असं आम्हाला वाटलं नाही. नवी, महाग अल्फार्ड असती तर मी आग्रह धरला असता.

झीज बघून रनिंग ओळखणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पेडलचं रबर पन्नास पौंडात नवं मिळतं, स्टिअरिंगचं चामडं पुन्हा शिवून मिळतं. या गाडीत ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड दबलेली होती. लाखभर मैलांना ते शोभतं, पण ८६,००० लाही शोभलं असतं.

पट्ट्याचा हिशेब

एवढा खटाटोप कशासाठी, असं खरेदीदाराच्या बाबांनी नाशिकहून विचारलं. "अरे, एकोणीस वर्षांची गाडी आहे. वीस हजार इकडे की तिकडे, काय फरक पडतो?" किमतीपुरतं त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. एवढ्या जुन्या गाडीची किंमत रनिंगपेक्षा गंजावर ठरते, आणि जपानमधून आलेल्या गाड्यांचा तळ इंग्लंडच्या मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फार लवकर गंजतो.

फरक पडतो तो टायमिंग बेल्टमध्ये, म्हणजे इंजिनातले भाग एका तालात फिरवणाऱ्या पट्ट्यात. २.४ लिटरच्या अल्फार्डला साखळी असते, पण तीन लिटरच्या व्ही-सिक्सला पट्टा आहे आणि तो १,००,००० किलोमीटरला बदलायचा असतो. फाईलमधल्या बिलाप्रमाणे तो २०१७ च्या उन्हाळ्यात, मीटर ९५,९०० असताना बदलला होता. त्यानंतर मीटर ४२,७०० ने पुढे गेला. विकणाऱ्याच्या हिशेबाने हे किलोमीटर, म्हणजे पट्ट्याचं अर्ध्याहून जास्त आयुष्य बाकी. प्रत्यक्षात ते मैल आहेत, म्हणजे ६८,७०० किलोमीटर, आणि बाकी राहिले ३१,३००. घेणारा माणूस जाहिरातीवर विसंबून निवांत राहिला असता, वर चिप लावलेल्या मीटरवर पुढचे ५७,३०० सुद्धा मैलच मोजले गेले असते, आणि पट्टा ठरल्या अंतराच्या कितीतरी पुढे गेला असता. गिअरबॉक्सचं ऑइल, प्लग, कूलंट, सगळ्याचं तेच. एककाची चूक एकदाच होत नाही, प्रत्येक सर्व्हिसला पुन्हा होते.

विकणारा हा छोटा व्यापारी होता. तो लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याने गाडी दुसऱ्याकडून घेतलेली, त्यालाही हेच सांगितलेलं, आणि ८६,००० हा आकडा १,०५,००० पेक्षा कानाला गोड लागतो म्हणून त्याने जास्त विचारलं नाही. ब्रिटनमध्ये मीटरला हात लावणं हाच मुळात गुन्हा नाही; खरं रनिंग माहीत असून ते लपवून विकणं हा गुन्हा आहे. आता माहीत नव्हतं म्हणायची सोय त्याला उरली नव्हती, कारण बिल त्याच्याच फाईलमधलं. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याने विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूम असायलाच हवी, आणि नसेल तर पहिल्या तीस दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. खासगी माणसाकडून घेतली असती तर हा तीस दिवसांचा हक्क मिळाला नसता आणि खोट्या सांगण्यावरून भांडत बसावं लागलं असतं.

भांडण झालं नाही. किंमत खाली आली, आणि तिच्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पावतीवर काय लिहायचं ते आम्ही सांगितलं. 'मीटर १,३८,६००' एवढंच लिहायची त्याची तयारी होती. पावतीवर अखेर असं आलं : मीटर ८८,४५० पर्यंत किलोमीटर, त्यानंतर मैल, एकूण अंदाजे १,०५,००० मैल, रूपांतर एप्रिल २०१६. २०१९ च्या चुकीच्या एककाबद्दल खरेदीदाराने बिलाची प्रत जोडून एमओटी चालवणाऱ्या सरकारी खात्याला कळवलं आहे. चाचणीनंतरच्या पहिल्या २८ दिवसांत हे काम चाचणी करणाऱ्या गॅरेजकडूनच होतं, नंतर खात्याकडे पुरावा द्यावा लागतो.

नव्या गाड्यांबद्दल थोडं. २००८ नंतरच्या अल्फार्डमध्ये ठोक्यांची एकच वायर अडवून भागत नाही. मीटर आणि बाकीचे कंट्रोलर एकमेकांशी डेटा लाइनवर बोलतात. तिथे रूपांतराचं मोड्युल मध्ये बसतं, आणि कित्येकदा ते फक्त वेगाचा काटा बदलतं, खालचा आकडा किलोमीटरचाच राहतो. काही गॅरेजं आतल्या मेमरीतला आकडाच भागून मैलांत लिहितात. ते प्रामाणिकपणे केलं तर सर्वांत स्वच्छ, पण त्याच हत्याराने हवा तो आकडाही लिहिता येतो, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या आकड्याचा फोटो आणि बिल नसेल तर ते धरू नये. तेव्हा 'रूपांतर केलं आहे' या उत्तरावर थांबायचं नाही. वेगाचं केलं की अंतराचं, की दोन्हींचं, आणि कितव्या आकड्याला, हे चारही विचारायचे. ट्रिप मीटर शून्य करून सोळा किलोमीटर चालवायची परीक्षा मात्र जुन्या-नव्या सगळ्यांना चालते.

गाडी त्यांनी घेतली. पट्टा कधी बदलायचा ते मीटरच्या आकड्यात सांग, असं खरेदीदाराने मला विचारलं. ३१,३०० किलोमीटर म्हणजे १९,४०० मैल, म्हणून मीटर १,५८,००० ला पोचायच्या आत. तोवर वयानेही पट्टा दहा वर्षांच्या जवळ आलेला असेल, त्यामुळे आधी जे येईल ते.